चौदा शाखा आणि एक पान

प्रश्न थोडक्यात असा आहे: पतसंस्थेच्या दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत चौदा शाखा, मुख्य कार्यालय रत्नागिरीत आणि संगणक विभागात माणूस एकटा. प्रत्येक शाखेत एक राउटर, एक छोटा सर्व्हर, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा एनव्हीआर आणि एक यूपीएस. प्रत्येकाचं स्वतःचं वेबपान, त्यामुळे रोज सकाळी पन्नासेक टॅब उघडून बघावे लागतात. ही पानं आयफ्रेममध्ये (पानातल्या पानाच्या चौकटीत) घालून एकच मॅशअप (अनेक स्रोत जोडलेलं एक पान) करायला घेतला, तर निम्म्या चौकटी कोऱ्या आल्या. त्या कशा भराव्यात, आणि त्याच पानावर रीस्टार्टचं बटण ठेवता येईल का?

आयफ्रेमचं उत्तर पुढे देतो, पण तुमची खरी अडचण टॅबची नाही. भर जुलैत दुपारी राजापूरची शाखा गप्प होते, तेव्हा बहुधा तीनपैकी एक गोष्ट झालेली असते: वीज गेली, लाइन तुटली किंवा यंत्र बंद पडलं. तिन्ही वेळी फोन वेगळ्या माणसाला करायचा असतो. पन्नास पानं एका पडद्यावर मांडली तरी हे कळणार नाही, कारण उत्तर कुठल्याच एका पानावर नसतं. राउटर काय म्हणतो, यूपीएस काय म्हणत होता आणि लाइन कुठल्या वाटेने (फायबर की फोरजी सिम) चालू होती, हे एकमेकांशेजारी ठेवलं की ते दिसतं. मॅशअप करायचा तो या जोडणीसाठी.

काही गोष्टी तुमच्याकडच्या सामानावर अवलंबून आहेत. राउटर एसएनएमपी (यंत्राचे आकडे दुरून विचारायची ठरलेली पद्धत) देतो का, यूपीएसला यूएसबी किंवा नेटवर्क कार्ड आहे का, मुख्य कार्यालयात स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) आहे का, हे तुम्हीच तपासायचं. कोअर बँकिंग (खात्यांची मुख्य प्रणाली) पुरवठादाराच्या डेटा सेंटरमध्ये असेल, तर त्यांच्या सर्व्हरला हात लावू नका. शाखेतून तिथपर्यंत पोहोचता येतं का आणि किती मिलिसेकंदांत, एवढंच मोजा. शाखा चार-पाचच असत्या, तर एवढा खटाटोप करू नका, पिंग (यंत्र जागं आहे का एवढंच विचारणं) आणि फोन पुरे, असंच मी सांगितलं असतं. चौदा शाखा आणि एकटा माणूस, म्हणजे हे काम करण्यासारखं आहे.

आता आयफ्रेम. चौकट कोरी येण्याची कारणं साधारण तीन. बरीच यंत्रं 'मला दुसऱ्याच्या चौकटीत दाखवू नका' असं ब्राउझरला हेडरमधून (पानाबरोबर पाठवलेल्या सूचनांतून) सांगतात. एक्स-फ्रेम-ऑप्शन्स किंवा फ्रेम-अँसेस्टर्स ते हेच. दुसरं, तुमचं पान एचटीटीपीएसवर आणि यंत्राचं साध्या एचटीटीपीवर असेल, तर ब्राउझर मिश्र मजकूर म्हणून अडवतो. तिसरं, दुसऱ्या साइटच्या चौकटीत लॉगिनची कुकी जात नाही, म्हणून चौकट उघडली तरी आत पुन्हा लॉगिनचंच पान. मग जावास्क्रिप्टने थेट आकडे ओढायला गेलात, की 'एकच मूळ' हा ब्राउझरचा नियम (एका पत्त्यावरच्या पानाने दुसऱ्या पत्त्यावरचा मजकूर वाचू नये) आडवा येतो. त्यातून सूट देणारी कॉर्सची परवानगी समोरच्या यंत्राने द्यायची असते, आणि शाखेतला राउटर ती देत नाही. हे सगळं कसंबसं चुकवण्यात वेळ घालवू नका. शिवाय ब्राउझरमध्ये जोडणी केली, की चौदा शाखांचे पासवर्ड पानाच्या सोर्समध्ये जाऊन बसतात. ते कुणालाही राइट-क्लिक करून वाचता येतात.

म्हणून जोडणी सर्व्हरवर करा. एक संकलक यंत्रांना विचारेल, आकडे साठवेल, आणि पान फक्त संकलकाशी बोलेल. संकलक स्वतःच्या यंत्रावर असावा, हे मी आग्रहाने सांगतो. याहू पाइप्स २००७ मध्ये आलं आणि २०१५ मध्ये बंद झालं. मायक्रोसॉफ्टचं पॉपफ्लाय २००९ मध्येच गेलं. लोकांनी त्यांवर बांधलेले मॅशअप त्यांच्याबरोबर गेले. बाहेरून हवामान किंवा नकाशा जरूर आणा, पण जोडणीचं यंत्र भाड्याच्या घरात ठेवू नका.

सामान असं: आकडे गोळा करायला प्रोमिथियस, पडद्याला ग्राफाना, आणि विचित्र स्वरूपात येणाऱ्या स्रोतांसाठी नोड-रेड. झॅबिक्स हे देखरेखीचं साधन तुम्हाला आधीपासून येत असेल तर तेही चालेल. त्यावरून वाद घालण्याइतका फरक या आकाराला पडत नाही. दोन कोअर, ४ जीबी रॅम आणि ४० जीबी डिस्क पुरते. हिशेब सांगतो. शाखेमागे ३०० मालिका (सतत नोंदवायचे आकडे) धरल्या तर एकूण ४,२०० होतात. दर मिनिटाला एक नोंद, म्हणजे दिवसाला साठ लाखांच्या वर. नोंदीला २ बाइट धरले तर रोज १२ एमबी, आणि ४०० दिवसांचे ५ जीबीसुद्धा नाहीत. प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचाच साठा ठेवतो, तो ४०० दिवस करा. या जूनची तुलना गेल्या जूनशी करता आली, तरच कुठल्या शाखेची लाइन खरोखर वाईट आहे ते कळतं.

शाखांपर्यंत पोहोचायचं कसं? मोबाइल सिमवर आणि बऱ्याच फायबर जोडण्यांवर सीजीनॅट असतं, म्हणजे शाखेला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो आणि बाहेरून आत शिरता येत नाही. म्हणून शाखेनेच बाहेर हाक मारायला हवी. स्थिर आयपी असलेल्या एका मध्यवर्ती यंत्रावर वायरगार्ड (व्हीपीएनची प्रणाली) लावा, आणि प्रत्येक शाखेचा राउटर तिथे बोगदा, म्हणजे सुरक्षित खाजगी वाट, उघडेल. शाखेच्या बाजूला पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ ठेवा, नाहीतर नॅटमधली वाट काही वेळाने बुजते. दर २५ सेकंदांना ६० बाइटचं एक पाकीट, दिवसाला ३,४५६ पाकिटं, म्हणजे साधारण २०० केबी. सिमच्या डेटाची काळजी करण्याचं कारण नाही.

इथे बहुतेकांचं काम अडतं ते पत्त्यांवर. चौदाही शाखांत १९२.१६८.१.० हेच जाळं असतं, कारण राउटर खोक्यातून काढला तसाच लावलेला असतो. बोगदे जोडले, की १९२.१६८.१.१ म्हणजे देवरूखचा राउटर की मालवणचा, हे मध्यवर्ती यंत्राला ठरवता येत नाही. प्रत्येक शाखेला वेगळं जाळं द्या: १०.२०.१.०, १०.२०.२.०, आणि तिसरा आकडा हाच शाखेचा क्रमांक. पत्ते बदलण्याच्या आदल्या दिवशी डीएचसीपीची (यंत्रांना आपोआप वाटलेल्या पत्त्यांची) मुदत एक तासावर आणा. प्रिंटर, एनव्हीआर आणि यूपीएसचं कार्ड यांना हाताने पत्ते दिलेले असतात, त्यांची यादी आधी काढा. प्रिंटर विसरला तर दुसऱ्या दिवशी दहा वाजता पासबुकं छापायची थांबतात. काम शाखा बंद झाल्यावर करा, आणि शाखेत एक माणूस बसवून ठेवा. मायक्रोटिक राउटर असेल तर सेफ मोडमध्ये काम करा. चुकून स्वतःचीच वाट तोडलीत, तर तो बदल आपोआप मागे घेतो.

बोगद्याचा दुसरा उपयोग मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. वायरगार्ड प्रत्येक शाखेसाठी दोन गोष्टी सांगतो: शेवटचं हस्तांदोलन (दोन टोकांनी एकमेकांची ओळख पुन्हा पटवणं) केव्हा झालं आणि शाखा कुठल्या बाहेरच्या पत्त्यावरून आली. बोगद्यात वाहतूक असेल तर हस्तांदोलन साधारण दर दोन मिनिटांनी होतं. तीन मिनिटं उलटून गेली तर बोगदा मेला असं धरायला हरकत नाही. आणि बाहेरचा पत्ता फायबरवाल्याचा आहे की सिमवाल्याचा, यावरून शाखा कुठल्या वाटेवर आहे ते कळतं. महामार्गाच्या कामात जेसीबीने फायबर तोडली आणि शाखा फोरजीवर गेली, तर कर्मचाऱ्यांना फक्त 'आज जरा हळू आहे' एवढंच जाणवतं. तुमच्या पानाला मात्र ते त्या मिनिटाला दिसलं पाहिजे, कारण आता ती शाखा एका सिमवर तगून आहे.

यूपीएसकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. यूएसबी असेल तर शाखेच्या सर्व्हरवर नट (एनयूटी) ही यूपीएस वाचणारी प्रणाली बसवा, पोर्ट ३४९३. नेटवर्क कार्ड असेल तर एसएनएमपीने विचारा. घोटाळा एककांचा होतो: नट उरलेला वेळ सेकंदांत सांगतो, यूपीएसची प्रमाणित एसएनएमपी तालिका मिनिटांत. दोन्ही एकाच स्तंभात आणले, की एका शाखेत ९०० आणि दुसरीत १५ दिसतं, आणि दोन्हींचा अर्थ एकच असतो. संकलकातच सगळं सेकंदांवर आणा, पानावर नको. यूपीएस साधा, कुठलंच पोर्ट नसलेला असेल, तर एक जुना राउटर किंवा पिंगला उत्तर देणारं कुठलंही छोटं यंत्र यूपीएसबाहेरच्या, थेट विजेच्या सॉकेटवर लावून ठेवा. ते उत्तर देतंय म्हणजे वीज आहे. ते गप्प आणि शाखेचा राउटर बोलतोय, म्हणजे शाखा बॅटरीवर आहे. त्या सॉकेटवर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी लावा. संध्याकाळी दिवे घालवणारा माणूस तेही बटण बंद करतो.

आता राजापूर पुन्हा बघू. शाखा २ वाजून १० मिनिटांनी गप्प झाली. शेवटच्या निरोपात यूपीएस बॅटरीवर होता आणि थोडीच मिनिटं उरली होती: वीज गेली, बॅटरी संपली. शेवटच्या निरोपात यूपीएस मुख्य पुरवठ्यावर होता आणि बोगदा एकदम तुटला: लाइन, तीही दोन्ही वाटांची, किंवा खुद्द राउटर. बोगदा चालू आहे पण सर्व्हर उत्तर देत नाही: यंत्र. शाखा परत आल्यावर राउटरचा चालू-काळ बघायचा. तो चार मिनिटांचा असेल तर राउटर बंद होऊन उठलाय, म्हणजे वीज किंवा अडॅप्टर. तो अखंड पुढे चालला असेल तर राउटर जागाच होता, लाइन गेली होती. हा चालू-काळ एसएनएमपीत सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात आणि ४९७ दिवसांनी तो शून्यावर येतो, तेवढी एक फसवी वेळ लक्षात ठेवा. तसंच वाहतूक मोजताना ३२ बिटांचा मोजक घेऊ नका. १०० एमबीपीएसची लाइन भरून वाहत असेल तर तो पावणेसहा मिनिटांत फिरून शून्यावर येतो. ६४ बिटांचा घ्या.

या सगळ्याला एकत्र बांधणारी वस्तू म्हणजे एक साधा तक्ता. शाखेचा कोड, नाव, अक्षांश-रेखांश, जाळ्याचा पत्ता, फायबरच्या जोडणीचा क्रमांक, वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक, किल्ली कुणाकडे असते आणि त्याचा फोन. प्रत्येक स्रोतातून आलेल्या आकड्याला शाखेचा कोड चिकटवायचा आणि जोडणी त्याच कोडवर करायची, नावावर कधीच नाही. वेंगुर्ला आणि वेंगुर्ले या दोन वेगळ्या शाखा होऊन बसतात. तक्ता एक्सेलमध्ये भरत असाल तर ग्राहक क्रमांकाचा स्तंभ आधी टेक्स्ट करा. तो बारा आकडी असतो, आणि एक्सेल तो दशांश-घाताच्या रूपात दाखवायला लागतं. तशी सीएसव्ही जतन केली, की शेवटचे आकडे गेले. नकाशासाठी जिओजेसन (नकाशावरच्या जागा लिहायचं स्वरूप) वापराल, तर त्यात आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात. रत्नागिरी ७३.३१, १६.९९ अशी लिहायची. उलट लिहिलीत तर तुमचं मुख्य कार्यालय नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रात जाऊन पडतं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पानावरच्या प्रत्येक आकड्याला वय असलं पाहिजे. लाल ठिपका कुणाला फसवत नाही. फसवतो तो तीन तासांपूर्वीचा हिरवा. ग्राफानातल्या आकड्याच्या चौकटीत मुळातच 'शेवटची रिकामी नसलेली नोंद' हा पर्याय निवडलेला असतो. पानाचा कालावधी सहा तास असेल आणि शाखा सकाळी ११ वाजता गप्प झाली असेल, तर दुपारी ३ वाजताही तिथे ११ वाजताचा आकडा तसाच, हिरवा दिसत राहतो. यासाठी क्वेरीचा (आकडा मागवणाऱ्या प्रश्नाचा) प्रकार 'इन्स्टंट' करा, म्हणजे नोंद थांबली की चौकट रिकामी होते. शिवाय शेजारी 'किती सेकंदांपूर्वी' हा स्तंभ ठेवा आणि प्रत्येक स्रोताची मुदत ठरवा: राउटरला ३ मिनिटं, यूपीएसला ३, एनव्हीआरच्या डिस्कला १ तास, हवामानाला ६ तास. मुदत उलटली की रंग करडा. हिरवा नाही, लालही नाही, कारण आपल्याला खरंच माहीत नसतं.

वेळेचा आणखी एक घोळ आहे. बहुतेक स्रोत जागतिक वेळ (यूटीसी) देतात, काही एनव्हीआर स्थानिक वेळ देतात पण ती स्थानिक आहे हे सांगत नाहीत. साठवताना सगळं जागतिक वेळेत, दाखवताना साडेपाच तास पुढे. दिवसाची बेरीज जागतिक मध्यरात्रीवर केली, तर तुमचा 'दिवस' पहाटे साडेपाचला सुरू होतो, आणि रात्रभर पडलेला पाऊस किंवा रात्रीची खंडित वीज भलत्या तारखेला जमा होते. शाखांतल्या यंत्रांना एनटीपी (घड्याळ आपोआप जुळवणारी सोय) लावा. बॅटरी संपलेल्या एनव्हीआरचं घड्याळ वीज गेली की मागे जातं.

हवामान शोभेसाठी आणू नका. हवामान खात्याच्या मोजणीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. इशारे जिल्हावार आणि रंगांत येतात, आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत'वर ते कॅप या प्रमाणित स्वरूपात मिळतात. कॅपमध्ये इशारा केव्हा संपतो तेही लिहिलेलं असतं, ते वाचा. पण जिल्ह्याचा रंग शाखेपर्यंत पोहोचवायचं काम तुमच्या तक्त्याचं आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा त्याच जिल्ह्यातल्या उंचावरच्या गावांची अडचण वेगळीच होती. तक्त्यात आणखी दोन स्तंभ घाला: शाखा नदीकाठी किंवा खाडीकाठी सखल भागात आहे का, आणि यूपीएस व सर्व्हर जमिनीपासून किती उंचीवर आहेत. ऑरेंज इशारा आणि सखल शाखा एकत्र आले, की पानाने त्या शाखेचं नाव वर आणायचं. मग संध्याकाळी शाखा बंद करतानाच बॅकअप घेऊन यंत्रं माळ्यावर चढवता येतात.

बाहेरचा स्रोत दर अर्ध्या तासाने आणा, उत्तराची वाट ५ सेकंदांहून जास्त बघू नका, आणि तो आला नाही म्हणून पान अडता कामा नये. स्रोत बिघडला तरी कधी कधी २०० ('सगळं ठीक') हाच संकेत आणि आत 'देखभाल चालू आहे' असं पान येतं; म्हणून संकेतावर न विसंबता हवी ती माहिती उत्तरात खरंच आहे का ते तपासा.

किनाऱ्यावरच्या शाखांसाठी एक खास गोष्ट. खाऱ्या हवेने नेटवर्कच्या प्लगमधले संपर्क हिरवट पडतात. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एक जोडी गेली की बऱ्याचदा जोडणी तुटत नाही, गुपचूप १०० वर उतरते. म्हणून प्रत्येक पोर्टचा वेग आणि चुकांचा मोजक पानावर घ्या. १००० चे १०० झाले किंवा चुका वाढू लागल्या, की आधी पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी केबल) बदला, राउटरला दोष नंतर द्या. मालवण-वेंगुर्ल्याकडे मी हे दोन आकडे अगदी वर ठेवेन.

सूचनांचं थोडक्यात सांगतो. विजेच्या झटक्यांसाठी दोन मिनिटं, लाइनसाठी पाच मिनिटं थांबूनच सूचना पाठवा, नाहीतर वळवाच्या पावसात फोन वाजायचा थांबणार नाही आणि तुम्ही तो गप्प करून टाकाल. बोगदा मेला असेल तर त्या शाखेच्या सर्व्हर आणि एनव्हीआरच्या सूचना दाबायच्या. प्रोमिथियसच्या सूचना पाठवणाऱ्या अलर्टमॅनेजरमध्ये त्याची सोय आहे. एकाच मिनिटात चौदाही शाखा गेल्या तर दोष तुमच्याच मध्यवर्ती जोडणीचा आहे, त्यासाठी वेगळा नियम हवा. संकलकच बंद पडला तर कुणी सांगायचं? त्याने दर काही मिनिटांनी बाहेरच्या एका पहारेकऱ्याला 'मी आहे' असं कळवायचं, आणि निरोप थांबला की पहारेकऱ्याने तुम्हाला उठवायचं. हे नसेल तर बाकीचं सगळं अर्धवट आहे. सूचना टेलिग्रामवर घेणं सोपं. एसएमएस हवा असेल तर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीची व्यवस्था) टेम्प्लेट नोंदवण्यात वेळ जातो, तो धरून चाला.

रीस्टार्टचं बटण पहिलं वर्षभर नको. संकलकाला सगळीकडे फक्त वाचायचे अधिकार द्या, एसएनएमपी शक्यतो तिसऱ्या आवृत्तीचं ठेवा, आणि दुसरी आवृत्ती वापरावीच लागली तर 'पब्लिक' हा मुळातला परवलीचा शब्द बदलून ती बोगद्याच्या आतच ठेवा. नोड-रेड बसवल्यावर पोर्ट १८८० वर पासवर्डाशिवाय उघडं असतं. ते आधी बंद करा. कॅमेऱ्यांची चित्रं या पानावर आणू नका, रेकॉर्डिंग चालू आहे का आणि डिस्क धड आहे का एवढं पुरे. वर्षभराने बटण हवंच वाटलं, तर ते वेगळ्या पानावर, वेगळ्या खात्याने, शाखेचा कोड टाइप केल्याशिवाय न चालणारं, आणि कुणी केव्हा दाबलं याची नोंद ठेवणारं असावं. शाखा फोरजीवर असताना राउटर रीस्टार्ट करणं तर बटणाने नाकारलंच पाहिजे. सिम परत लागलं नाही, तर तीन तास गाडी चालवत तुम्हालाच जावं लागेल.

सुरुवात दोन शाखांनी करा: एक रत्नागिरीजवळची, जिथे अर्ध्या तासात पोहोचता येईल, आणि एक सगळ्यात जास्त वेळा बंद पडणारी. आधी पत्ते, मग बोगदा, मग यूपीएस, मग राउटर, आणि नकाशा शेवटी. प्रत्येक शाखेचा यूपीएस पानाशी जोडल्यावर मे महिन्यात, आगोटीच्या कामांबरोबर, शाखा बंद झाल्यावर त्याचा प्लग काढा आणि खऱ्या भारावर घड्याळ लावा. यूपीएस २५ मिनिटं सांगतो आणि म्हाताऱ्या बॅटरीवर चार मिनिटांत झोपतो, हे नेहमीचं आहे. मोजलेली मिनिटं तक्त्यात तारखेसह लिहा आणि सूचनांचे नियम त्या आकड्यावर लावा, यूपीएसच्या अंदाजावर नको.